स्लॅबचं जेवण

बायकोला माझ्याकडून सगळ्या जन्मात एकच गोष्ट पाहिजे होती. तिला पावसात सुकं निजायचं होतं. सोनं कधी मागितलं नाही, लुगड्यासाठी कधी रुसली नाही. आमचं शेड गावाबाहेर ओढ्याच्या काठाला. पत्रे जुने, पवना नदीच्या अंगाला पाऊस आडवा मारतो, आणि तो चार महिने उठत नाही. ती डांबर लावायची, पर्यटकांच्या जाहिरातीचे फाटके फ्लेक्स आणून वर टाकायची, तरी गळायचंच. मग गोधडी मांडीवर घेऊन पेटीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायची. गुडघे सुजायचे. मी म्हणायचो, होईल काहीतरी. ती म्हणायची, "व्हईल तवा मला आडवं करा."

मी शिकलो चौथीपर्यंत. त्यानंतर लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात लागलो ते म्हातारा होईपर्यंत. गुळाचा पाक ढवळायचं काम. पाकाचा चटका पाण्यासारखा निथळून जात नाही, कातडीला चिकटून बसतो आणि आतून शिजवतो. माझे दोन्ही तळवे बघा, रेषा राहिलेल्या नाहीत. दिवाळीला मालक पुडे द्यायचा, ते मी गावात वाटायचो. गावानं माझ्या हातची चिक्की वर्षानुवर्षं खाल्ली. ती कागदात गुंडाळलेली असायची आणि वर दुकानाचं नाव असायचं, म्हणून खाल्ली. हे मला तेव्हाही माहीत होतं.

कारण आम्ही बौद्ध. बापानं धम्म घेतला आणि घरातले देव ओढ्यात सोडले. देव वाहून गेले, बाकीचं गावात तसंच राहिलं.

आता सावड सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भाताच्या लावणीला एका घराची माणसं पुरत नाहीत. म्हणून आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ज्याचं खाचर त्याच्या घरचं जेवण. काम करायचं, त्याच्या घरी जेवायचं, आणि आपल्या पाळीला त्याला बोलवायचं, याला सावड म्हणतात. माझ्या बापाची दोन खाचरं होती. बाप सगळ्यांच्या सावडीला जायचा, लांब बसून जेवायचा. आमची पाळी आली की कुणी येत नसे. आले असते तर आमच्याकडं जेवावं लागलं असतं. त्याऐवजी पाटीभर भात धाडायचे आणि म्हणायचे, फिटली सावड. एका वर्षी आईनं आशेनं मोठं पातेलं चढवलं होतं. वाट बघून बघून शेवटी आम्हीच ते दोन दिवस खाल्लं, आंबल्यावरसुद्धा. बाप काही बोलला नाही. बापावर माझा तेवढा एकच राग आहे.

तर मग पुण्याची माणसं आली. गरिबांना घरं बांधून देणारी संस्था. ग्रामपंचायतीनं ओढ्याच्या वरच्या अंगाला जागा दिली, पाच घरांची एक ओळ ठरली. चार घरं गावातल्या शेतकऱ्यांची. त्यांच्या जमिनी बंगलेवाल्यांना विकून झाल्या होत्या, पैसा गाड्यांत आणि लग्नांत गेला होता, आणि ज्या रानात बाप नांगर धरत होता तिथंच आता पोरगा वॉचमनच्या खुर्चीत बसून दुसऱ्याचं गेट उघडत होता. पाचवं घर माझं. संस्थेचा नियम असा की प्रत्येक कुटुंबानं पाचही घरांवर राबायचं. चिठ्ठ्या टाकल्या. माझी चिठ्ठी शेवटची निघाली.

रविवारी रविवारी बस यायची. एकाच रंगाचे टी-शर्ट, डोक्याला टोप्या, हातात मोजे. मोजे घालून विटा उचलायचे आणि प्रत्येक विटेबरोबर फोटो काढायचे. माणसं वाईट नव्हती. दुपारी आपापले डबे उघडून झाडाखाली बसायचे, कारण गरिबाच्या घरचं खायचं नाही, त्याला भार होतो, असा त्यांना नियम होता. त्यांची पुढारी एक पोरगी होती. सगळे तिला ताई म्हणायचे, मीसुद्धा.

ती पहिल्या दिवशी म्हणाली, "काका, हे श्रमदान आहे."

"दान मी घेत न्हाई. ही सावड हाय."

"सावड म्हणजे?"

मी सांगितली. तिला फार आवडली. पुढच्या रविवारी तिनं पहिल्या घराच्या भिंतीवर रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आपली सावड'. ज्याचं घर माझ्या शेजारी येणार होतं तो गडी तिथंच उभा होता. लोहगडवाडीपर्यंत ट्रेकरांची जीप मारतो. तो भिंतीकडं बघून हसला आणि मला म्हणाला, "आबा, तुमी तर संस्थेला बी कामाला लावलं." मी पण हसलो. तेव्हा वाटलं, नवी ओळ आहे, नव्या भिंती आहेत.

स्लॅब पडतो त्या दिवशी घरमालकानं सगळ्यांना जेवण घालायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. पहिल्या घराचा स्लॅब पडला. आम्ही दोघं साखळीत उभे राहिलो. बायको सुजल्या गुडघ्यांनी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून घमेली वर देत होती. मी म्हटलं खाली हो, तर म्हणाली, "आपल्या टायमाला ह्ये समदे येत्याल की." जेवायला बसलो. सगळ्यांना स्टीलची ताटं, आम्हा दोघांपुढं कागदाच्या पत्रावळ्या. मी उठलो, थप्पीतलं एक स्टीलचं ताट घेतलं, त्यात वाढून घेतलं आणि बसलो. जेवण झाल्यावर मी ते ताट घासलं, पुसलं आणि घरमालकिणीपुढं धरलं. ती मागं सरली.

"राहू द्या आबा. घिऊन जावा तुमाला. आमच्याकडं लय हायती."

वाटेत बायको म्हणाली, "बाई मनानं मोठी हाय." मी ताट फिरवून बघितलं. ताटाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या आहेराचं. आहेराचं ताट असं कुणी रस्त्यानं वाटत नाही.

दुसऱ्या घराला तेच झालं. तिसऱ्याला तेच. चौथं घर जीपवाल्याचं, म्हणजे माझ्या लगतचं. तिथं मी ताट उचलायला गेलो तर त्याच्या आईनं आधीच एक ताट बाजूला काढून ठेवलं होतं. जरा चेपलेलं. म्हातारी म्हणाली, "ह्ये घ्या, ह्ये तुमचं." चार स्लॅब पडले आणि माझ्या शेडात चार ताटं आली, चारींवर चार घरांची नावं. तोवर बायकोलाही कळलं होतं. ती म्हणाली, भंगारात घाला. मी नाही म्हटलं. घासून फडताळात उभी लावून ठेवली. सावड फिरती असते. माझी पाळी यायची होती.

माझ्या स्लॅबचा दिवस रविवारचा. आदल्या दिवशी मी चारी घरी जाऊन जेवणाचं सांगून आलो. कुणाच्या गळ्यात माळ, कुणाला कसला वार, म्हणून मटण ठेवलंच नाही. कुणाला सबब मिळायला नको. वांग्याची भाजी, डाळ, इंद्रायणीचा भात, आणि कामशेतहून आणलेली जिलेबी. बायको उजाडायच्या आधी चुलीला बसली. त्या दिवशी ती गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना फार वर्षांनी ऐकलं. शेडातली पेटी तिनं आधीच नव्या घरात नेऊन ठेवली होती, आणि मला बोलावून जमिनीवर जागा दाखवली होती. "हितं माझं हातरूण. वरनं काय बी आलं न्हाई पायजे."

सकाळी मिक्सर घरघरला. चारी घरांची माणसं वेळेवर हजर. ते खोटं बोलायचं नाही, राबायला आले. बस आली, ताई आली. साखळी लागली. नांदेडकडचा मिस्त्री वर उभा राहून ओरडत होता, घमेली वर चालली होती. दुपारपर्यंत अर्धा स्लॅब भरला, माझ्या खोलीच्या बरोबर मध्यापर्यंत. मिस्त्री म्हणाला, काम थांबवायचं नाही, पाळीपाळीनं जेवा. पहिली पाळी चार घरांची.

मी अंगणात सतरंजी टाकली होती. पहिल्या ओळीत ती चार ताटं मांडली, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. नावाचा काठ बसणाऱ्याच्या बाजूला. बाकीच्यांना माझी स्वतःची स्टीलची ताटं, उसनी आणलेली धरून. मिस्त्रीची माणसं येऊन बसलीसुद्धा.

चारी घरं हात धुऊन आली आणि सतरंजीच्या कडेला उभी राहिली. आपापलं ताट प्रत्येकानं ओळखलं. ते मी तोंडावर बघितलं.

"बसा," मी म्हटलं.

जीपवाला डोकं खाजवत म्हणाला, "आबा, आज उपास हाय."

"कुणाचा?"

"माझा."

"आन् ह्यांचा?"

तिसऱ्या घरची बाई म्हणाली, "आमचा बी हाय." मग पहिल्या घरचा म्हणाला. मग दुसऱ्या. चारी घरांचा उपास, थोरांचा, लहानांचा, झाडून सगळ्यांचा. रविवारी. ज्या दिवशी अख्खा मावळ मटणाच्या दुकानापुढं पिशव्या घेऊन उभा असतो. मागच्या रविवारी याच जीपवाल्याच्या दारात कोंबडीची पिसं उडत होती आणि माझ्या अंगणात येत होती.

"कशाचा उपास म्हनायचा ह्यो?"

"घरचा हाय," त्याची म्हातारी म्हणाली. "देवाधर्माचं तुमाला न्हाई कळायचं आबा. तुमी सोडलं न्हवं त्ये."

मिस्त्रीची माणसं खाली मान घालून जेवत होती. बायको वाढपाचा पळा हातात धरून तशीच उभी. ताई धावत आली. तिला वाटलं भांडण मजुरीवरून आहे. मी तिला सांगितलं, उपास आहे म्हणतात. ती म्हणाली, "मग ठीक आहे ना काका. आपण त्यांच्या श्रद्धेचा आदर करू या. वेळ चाललाय, मिक्सर थांबलाय."

मी म्हटलं, बरं. आदर करू.

टेकूंमधून वाकून नव्या घरात गेलो. पेटीत चिक्कीचा डबा होता. चिक्की म्हणजे शेंगदाणा आणि गूळ, उपासाला सगळीकडं चालते. आषाढी आली की आमच्या कारखान्याला दम नसायचा. एक पुडा फोडला, कागद टाकून दिला, आणि तुकडे या तळव्यावर घेऊन बाहेर आलो. सगळ्यांना दिसेल असा हात पुढं केला.

"उपासाला चालती. घ्या. एक एक तुकडा. माझं बाकी काय म्हननं न्हाई."

मी खरं सांगतो, त्या वेळी मला भांडायचं नव्हतं. एक तुकडा तोंडात टाकला असता तर मी चारी ताटं हसून परत दिली असती. तीच चिक्की होती. याच हातानं ढवळलेली, यांच्या पोराबाळांनी चाटून खाल्लेली. फक्त वर कागद नव्हता.

जीपवाल्यानं माझ्या हाताकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. म्हातारी म्हणाली, "माझं दात दुखत्यात." तिसऱ्या घरची बाई फस्सकन हसली. मग सगळेच हसले. जीपवाला हसत हसत वळला आणि म्हणाला, "चला रं, घमेली उचला. आबांचा स्लॅब पाडू. आबा लई तापल्यात, पाक व्हईल त्यांचा."

आणि ते गेले, खरंच गेले, साखळीत उभे राहायला. माझं अन्न नको, माझ्या हातचा तुकडा नको, पण माझं घर बांधायला तयार. माझ्या बापाला पाटीभर भात धाडायचे, तसं मला अर्धा स्लॅब धाडत होते. संध्याकाळी म्हणाले असते, फिटली सावड.

मी जाऊन शिडीच्या पायाशी उभा राहिलो.

"ज्यानं माझ्या ताटाला हात लावला न्हाई, त्यानं माझ्या घमेल्याला लावायचा न्हाई."

"आबा, बाजूला व्हा," जीपवाला म्हणाला.

"खाली ठेव घमेलं."

वरून मिस्त्री ओरडला, "आबा, माल सुकायलाय. हितं थांबलं तर जोड राहील. मग जन्मभर गळंल बघा."

"गळू दे."

हा शब्द मी बोललो आणि बायको पुढं आली. तिच्या हातात अजून पळा होता. तिनं माझा सदरा धरला. सगळ्यांदेखत तिनं मला कधी हात लावला नव्हता.

"व्हऊ द्या की वो. न्हाई खात तर न्हाई खात. त्यांच्या तोंडात माती. पर माझं छत हाय ते."

"त्यांच्या हातचं छत तुला पायजे?"

"मला कुनाच्या बी हातचं पायजे. मी शिडीवर उभी ऱ्हाईले त्यांच्या. माझं गुडघं गेलं. ते घमेलं माझं हाय, तुमचं न्हाई."

म्हातारी लांबून म्हणाली, "बघा, बाईला अक्कल हाय. फुकटाचं घर मिळतंय तर मान कशाला मिरवायचा?"

मी बायकोचा हात सोडवला. तिला बाजूला केलं. जोरात नाही, पण केलं. जीपवाल्याच्या हातातलं घमेलं घेऊन जमिनीवर ओतलं. काँक्रीट त्याच्या पायावर पडलं. तो शिवी देऊन अंगावर आला, मिस्त्रीच्या माणसांनी धरला. चारी घरं घमेली तिथंच टाकून निघून गेली. जाताना पहिल्या घरचा म्हणाला, "आमी आलो हुतो, ह्यानं हाकललं, ताई, तुमी बघितलं." ताईनं बघितलं होतं. ती रडत होती. तिच्याबरोबरची पोरं थकलेली, मोजे फाटलेली. तिनं कुणाला तरी फोन लावला. सगळी कुटुंबं हजर नसतील तर काम बंद ठेवायचं, असा नियम निघाला. मिक्सरमधला माल तसाच ओढ्याकडं ओतून दिला. तो अजून तिथं दगड होऊन पडलाय.

बसमध्ये चढायच्या आधी ताई माझ्या सतरंजीवर येऊन बसली. जीपवाल्याच्या नावाच्या ताटात भात-भाजी घेतली आणि डोळे पुसत जेवली. दोन वेळा मागून घेतलं. तिचा नियम तिनं मोडला. तेवढं मी विसरणार नाही. पण ती सावडीतली नव्हती. तिच्या जेवण्यानं माझं काही फिटलं नाही.

उरलेलं अन्न आम्ही दोघांनी खाल्लं, दुसऱ्या दिवशीही. जिलेबी चिवट झाली होती. बायको समोर बसायची, पण बोलायची नाही.

उरलेला अर्धा स्लॅब पुढच्या रविवारी पडला. बस आली होती, मिस्त्री होता, चार घरांतून कुणी नव्हतं, आणि या वेळी संस्थेनं तो नियम बाजूला ठेवला. जोडाला मिस्त्रीनं सिमेंटचं पाणी पाजलं. मला म्हणाला, "आबा, मी केलं तेवढं केलं. म्होरं मावळाचा पाऊस आन् तुमी." नंतर संस्थेचा कार्यक्रम झाला, पाच घरांच्या चाव्या दिल्या, फोटो निघाले. त्यांच्या छापील पुस्तकात मी आहे, हातात घमेलं, खाली लिहिलंय 'सावड'.

पाऊस लागला आणि छताला रेघ उमटली. खोलीच्या बरोबर मधून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि बरोबर त्या जागेवरून, जिथं बायकोनं मला हातरूण दाखवलं होतं. मी वरून डांबर ओतलं. कुणी सांगितलं ते केमिकल आणलं. एक पावसाळा थोडं थांबलं, पुढच्याला दुप्पट आलं. लगतच्या घरात जीपवाल्याचं छत सुकं खडखडीत आहे. ते आम्ही दोघांनी वर दिलेल्या घमेल्यांचं आहे, म्हणून मला माहीत आहे.

बायकोनं अंथरूण या भिंतीला नेलं, त्या भिंतीला नेलं. ओल सगळीकडं यायची. ती परत पेटीला पाठ लावून बसायला लागली, गोधडी मांडीवर घेऊन. नव्या घरात. एक दिवस तिनं फडताळातून ती चार ताटं काढली आणि रेघेखाली ओळीनं मांडली. थेंब पडला की टण्ण वाजायचं.

मी म्हटलं, "पातेलं ठेव की. ताट लगेच भरतंय."

"पातेलं सैपाकाला लागतंय," ती म्हणाली. "ताटात कोन जेवतंय?"

त्या दुपारी तिनं पिशवी भरली. लेक बेगडेवाडीला असते, जावई कंपनीत, भाड्याची एक खोली, त्यात पाच माणसं. मी म्हटलं, तिथं जागा कुठं आहे. ती म्हणाली, "खाटंखाली हाय. सुकी हाय." तेव्हापासून ती पाऊस लागला की जाते आणि भात कापणीला येते. येते तेव्हा स्वयंपाक करते, वाढते, माझ्याशी जरुरीपुरतं बोलते. जायच्या दिवशी ताटं मांडून जाते. मला मांडू देत नाही.

लोक म्हणतात, आबा, एवढ्याशासाठी बायकोला उघडं पाडलं. म्हणोत. तो दिवस परत आला तर मी परत शिडीपाशी उभा राहीन. आईचं आंबलेलं पातेलं मी खाल्लंय, त्यांनी नाही.

फोन ती रोज संध्याकाळी करते. जेवलात का, ते विचारत नाही. विचारते, "गळतंय का?"

मी म्हणतो, "न्हाई. सुकं हाय समदं."

ती फोन ठेवत नाही. मग माझ्या मागं एक ताट वाजतं, मग दुसरं.

"ऐकू येतंय मला," ती म्हणते आणि फोन ठेवते.